दोन वजा

माझ्या टेपचे पहिले दोन इंच तुटलेत,
म्हणून प्रत्येक झाडाच्या घेरातून दोन वजा करायचे.
ठेकेदार म्हणतो, चार कर.
मी तीन करतो.
माझा प्रामाणिकपणा तेवढाच.

छातीच्या उंचीला झाडाला मिठी घालावी लागते,
त्याशिवाय टेपचं टोक पलीकडून हाताला येत नाही.
गाल सालीला लागतो.
ऐनाची साल मगरीच्या पाठीची, खरखरीत.
नाणा भर दुपारीही गार.
जांभळीवर मुंग्यांची वाट असते,
ती माझ्या कॉलरवरून पुढे जाते.
मग गेरूचा आकडा. एकशे बारा. एकशे तेरा.
सड्याखालचा अख्खा उतार
आठ दिवसांत वहीत आला.

सातबाऱ्यावर सतरा नावं.
तीन डोंबिवलीत, पाच नालासोपाऱ्यात, एक मेलेला,
एक बाई म्हापशाला दिलेली,
तिचा अंगठा तिच्या भावानेच उठवला.
वाट्याला सोळा हजार.
एकाने कवळी बसवली,
एकाच्या पोरीची नर्सिंगची फी भागली,
एक नुसताच म्हणाला,
आम्ही ती जमीन पाहिलीय कुठे?
यांतल्या कुणाला वाईट म्हणू?
लाकूड भुईबावड्याच्या घाटाने वर गेलं.
इचलकरंजीला बॉयलर आहेत, तिथे सुताला खळ चढते.
माझ्या अंगातला हा शर्ट
कोण जाणे कुठल्या किंजळीच्या आगीवरून आलाय.

एकशे अठ्ठेचाळीस नंबरचा बेहडा पोकळ निघाला.
कोयतीच्या मुठीने वाजवून पाहिला,
आतून कुणीतरी ओ दिल्यासारखं झालं.
शेऱ्यात लिहिलं: पोकळ, धरू नये.
म्हणून तो राहिला,
सबंध उतारावर एकटा.

श्रावणात एका रात्री वारा सुटला.
तसा तो दर वर्षी सुटतो,
पण आधी दोनशे झाडांत वाटला जायचा.
सकाळी बेहडा आडवा,
आणि त्याच्या मुळ्यांनी मुठीत धरलेला डोंगर
तांबडा होऊन व्हाळातून निघालेला.

खाडी तिथून तीन मैल.
माझी बहीण प्रमिला तिथे तिसऱ्या काढते.
चाळीस वर्षं तिच्या पायाच्या बोटांना वाळू कळते:
इथे तिसरी, इथे खुबे, इथे नुसतं कवच.
दिवाळीनंतर ओहोटीला ती उतरली
आणि पाय खाली गेला,
आणखी खाली गेला,
वाळू लागेचना.
वर गाळ, पेजेसारखा मऊ.
त्याच्या तळाशी सगळं गुदमरून मेलेलं,
तोंडं उघडी टाकून.
त्या दिवशी टोपलीत वीस रुपयांचाही माल नव्हता.

ती मला काही बोलली नाही. फक्त म्हणाली,
"टेप आसा मां तुझ्याकडे? हाड. मोज."

पॅन्ट दुमडून उतरलो.
टेप बांबूला बांधली, बांबू गाळात सोडला.
एकोणीस.

काठावर येऊन वही उघडली.
नंबर, जात, घेर, उंची, शेरा.
गाळाचा रकाना नाही.
शेऱ्यात लिहावं
तर कुठल्या नंबरासमोर?
एकशे अठ्ठेचाळीस एकटाच तर नव्हता.
तो तर मी सोडून दिला होता.

टेप खाऱ्या पाण्यात धुतली, मग विहिरीवर धुतली.
आकड्यांमधल्या बारीक रेघांत तांबडं बसलंय,
निघत नाही.
सोमवारपासून पलीकडच्या वाडीचा उतार आहे,
साडेतीनशे झाडं.
ॲडव्हान्स घेतलाय, त्यातून छपराचे पत्रेही आणलेत.

प्रमिला टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती,
पायाची बोटं एकेक करून पुसत.
मी सांगितलं, एकोणीस.
तिने वर न बघता विचारलं,
"दोन वजा केलंस काय रे?"